चपलांवर लागणारा दिवा

"किल्ली दे!" भगवानराव गरजले.

"नाई देत!" अन्नपूर्णाने मूठ पाठीमागे लपवली.

जांभूळखेडच्या वाचनालयाच्या पायरीवर हा सामना चालला होता. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला दिवस, सकाळची आठची वेळ. शेजारच्या भिंतीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडणारा मोतीराम तोंडातला दाणा चावायचाच विसरला. भगवानरावांना तोंडावर 'नाही' म्हणणारं माणूस त्याने अजून पाहिलं नव्हतं. आणि ही तर तेरा वर्षांची, अनवाणी पोरगी!

भगवानराव वाचनालयाचे अध्यक्ष. गावातली सगळ्यात मोठी शेती त्यांची, करकर वाजणारे जोडे त्यांचे आणि सगळ्यात मोठा आवाजही त्यांचाच. ते बोलू लागले की पारावर झोपलेली कुत्री उठून दुसरीकडे जाऊन बसत.

"तानाबाई झाडायले आली, त अंदर दिवा जळून राह्यला! कालबी तसंच, परवाबी तसंच! सातले लाईट गेली, की तुम्ही पोरी अंधारात बटन तसंच सोडून पळता. नऊले लाईट आली की दिवा पेटते, तो सकाळपर्यंत. मले काय समजत नाई?"

"आम्ही लाईट जायच्या अगोदर निघतो, काका! बटन म्या बंद केलं. दिवा विझलेला म्या माह्या डोळ्यानं पाह्यला!"

"मग काय भूत येऊन लावते?"

"कोन लावते ते मले मालूम नाई. पन आम्ही नाई!"

ते १९७३ साल होतं. राज्यभर विजेचा तुटवडा होता. गावात रोज संध्याकाळी सात ते नऊ वीज जायची, आणि रिकाम्या जागेत दिवा जळताना दिसला तर जोडणीच तोडू, असा कागदही आला होता. भगवानरावांनी तो कागद चार वेळा वाचला होता, आणि पाचव्यांदा सगळ्या गावाला वाचून दाखवला होता.

किल्ली शेवटी द्यावीच लागली. वाचनालयाच्या किल्ल्या दोनच: एक भगवानरावांकडे, तीच नेऊन तानाबाई सकाळी झाडायला उघडत, आणि ही दुसरी मुलींच्या तासासाठी अन्नपूर्णाकडे. दारावरच्या फळ्यावर भगवानरावांनी खडूने लिहिलं, 'मुलींचा सायंकाळचा तास आजपासून बंद.' तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. त्या तासाला बारा मुली येत. ते बाराही घरी स्वतः जाऊन सांगून आले, की तुमच्या पोरी सार्वजनिक वीज जाळतात म्हणून.

हा तास मुलींना सहजासहजी मिळाला नव्हता. दिवसभर वाचनालयात पुरुषमाणसं बसत. मागच्या वर्षी बारा जणींनी सह्या करून अर्ज दिला, तेव्हा कुठे सहा ते सात ही वेळ त्यांच्या वाट्याला आली. अन्नपूर्णाचं घर गावाबाहेरच्या नव्या वस्तीत. तिथे अजून विजेचा खांबच पोचला नव्हता. घरात एक कंदील, तोही चुलीपाशी. वाचनालयातलं तारे आणि ग्रहांवरचं जाडजूड पुस्तक ती निम्म्यापर्यंत वाचून झाली होती, आणि नेमकं शनीच्या कड्यांपाशी येऊन सगळं थांबलं.

घरी आई, विमलबाई, भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाही. "बारा घरी सांगून आले ते. किल्ली आपल्याच घरात व्हती, म्हून नाव आपलंच खराब झालं. तास सुरू झाला तरी आता तू तथी पाय ठेवायचा नाई."

"आई, म्या बंद केलं व्हतं!"

"केलं असशीन. पन हे लोकायले कोन सांगन?"

अन्नपूर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. नुसता तास परत मिळून आता भागणार नव्हतं. ज्या तोंडाने बारा घरी आळ घातला, त्याच तोंडाने तो बारा घरी परत घ्यायला हवा होता. ती मनाशीच म्हणाली, बघतेच आता!

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुलता धावत आली. ती गुरुजींची मुलगी, दोन वेण्या घालणारी आणि पुण्याच्या मामींसारखं शुद्ध बोलणारी.

"अन्नू! आजसुद्धा दिवा जळत होता! तानाबाईंनी सांगितलं!"

"काल त आपन गेलोच नाई!"

"तेच तर! दोन्ही किल्ल्यासुद्धा भगवानकाकांकडेच होत्या!"

मोतीराम त्यांच्या मागोमाग आलाच. तिघं तडक भगवानरावांच्या ओसरीवर गेली. भगवानराव चहा बशीत ओतत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बशी खाली ठेवली.

"मालूम आहे मले! खिडकीच्या गजातून हात घालून बटन दाबलं तुम्ही. मले चिडवाले! निघा अथून!"

बटन खिडकीला लागूनच होतं, हे खरं. चारुलताचा चेहरा पडला. मोतीरामने बाहेर येऊन एक खडा लाथेने उडवला.

"आता काय करतं, अन्नू?"

"पहारा! संध्याकाळी सहापासून पारावर बसायचं. कोन येते ते आपल्या डोळ्यानं पाह्यचं."

संध्याकाळी तिघं पारावर बसली. वाचनालय बरोबर समोर होतं, आत अंधार, दाराला कुलूप. साडेसहा झाले, पावणेसात झाले. मोतीरामच्या शेंगा संपल्या. सातला गावातले सगळे दिवे एकदम गेले. सव्वासातला मेहकरहून येणारी एस.टी. आली, कंडक्टरने वर्तमानपत्राची गुंडाळी खाली टाकली, आणि करकर करत जोडे वाजले.

"भगवानकाका!" चारुलता कुजबुजली.

भगवानरावांच्या हातात बॅटरी होती. त्यांनी गुंडाळी उचलली, कुलूप काढलं आणि जोड्यांसकट आत गेले. ताजं वर्तमानपत्र पहिल्यांदा घरी नेऊन वाचायचं आणि कालचं आणून टेबलावर टाकायचं, हा त्यांचा रोजचा परिपाठ होता.

खट्!

शांततेत बटनाचा आवाज स्पष्ट आला. दिवा अर्थातच लागला नाही. "च्यामारी, गेलीच काय!" असं पुटपुटणं ऐकू आलं. मग बॅटरीचा उजेड दाराकडे आला, कुलूप लागलं, जोडे दूर गेले.

अन्नपूर्णा एकदम उभी राहिली. "किती वेळा वाजलं?"

"काय वाजलं?"

"बटन, बे! किती वेळा वाजलं?"

"एकदा," मोतीराम म्हणाला. मग त्याचे डोळे मोठे झाले. "एकदाच!"

"म्हणजे चालू केलं, आणि बंद केलंच नाही!" चारुलताने तोंडावर हात ठेवला. "अंधारात सवयीने दाबलं. वीज नाही म्हणून दिवा लागला नाही, म्हणून बंद करायचं सुचलंच नाही. आता नऊला वीज आली की..."

"आन् आळ आपल्यावर!" अन्नपूर्णा दात-ओठ खात म्हणाली.

"चाला, आत्ताच सांगू त्यायले!"

"सांगून काय होईन? सकाळी खिडकी काढली, आता दुसरं काही काढतीन. पोट्ट्यायचं कोन ऐकते? आपल्यापाशी पुरावा पाह्यजे."

ती पुन्हा पारावर बसली. माणूस विसरतं. लहान विसरतं तसं मोठंही विसरतं, फक्त मोठ्यांना कोणी रागवत नाही. मग बटन माणसाच्या भरवशावर ठेवायचंच कशाला?

"चारू, आत कोनी आहे का नाई, हे दिव्याले सोताच समजलं तर?"

"दिव्याला कसं समजणार? त्याला काय डोळे आहेत?"

"आपल्याले कसं समजते? बाहेरून येतानी, अंदर कोन आहे ते कसं वळखतो आपन?"

"दारातल्या चपला बघून," मोतीराम म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो ते त्याला दोघींच्या चेहऱ्यांवरून कळलं.

मोतीरामचे काका कडूबा म्हणजे गावचे वायरमन. सायकली, शेतातल्या मोटारी, घरातली वायरिंग, सगळं तेच बघायचे. त्यांच्या दुकानात दुसऱ्या दिवशी सकाळपासून ठोकाठोक सुरू झाली. खऱ्या विजेला हात लावायचा नाही, अशी कडूबांची सक्त ताकीद होती. म्हणून बॅटरीचा सेल आणि बॅटरीचाच छोटा बल्ब.

युक्ती तराजूची होती. एक फळी, तिच्या बरोबर मध्यावर खालून आडवी सळई. एका टोकाला बांधलेला दगड, दुसऱ्या टोकाला चपला ठेवायची जागा. चपला ठेवल्या की ते टोक खाली जाणार, फळीखालची पितळी पट्टी दुसऱ्या पट्टीला टेकणार आणि दिवा लागणार. शेवटची चप्पल उचलली की दगड आपलं टोक खाली ओढणार, पट्ट्या सुटणार, दिवा बंद!

पहिला दगड इतका जड निघाला की मोतीरामच्या चपलांनी फळी हललीच नाही.

"तुह्या चपला झिजून पापड झाल्या, त्याले माहा दगड काय करन?" अन्नपूर्णाने चिडवलं.

दुसरा दगड बरोबर बसला. चारुलताने चपला ठेवल्या, बल्ब लागला! उचलल्या, विझला! तिघांनी आरडाओरडा केला. तेवढ्यात दुकानातलं मांजर फळीवर चढून बसलं आणि बल्ब पुन्हा लागला.

"घ्या! मांजरबी वाचनालयाचं सभासद!" मोतीराम हसून लोळला.

"फळी भिंतीवर छातीइतकी उंच लावू," चारुलता म्हणाली. "तिथे मांजर टिकणार नाही."

अन्नपूर्णा मात्र हसली नाही. ती आपल्या पायांकडे बघत होती. "आन् ज्यायच्या पायात चपलाच नाई, त्यायनं काय करावं?"

बारा मुलींपैकी पाच अनवाणी येत. चपलेवर उजेड मिळणार असेल, तर त्या पाच जणींनी काय अंधारात बसायचं? असला दिवा अन्नपूर्णाला नको होता.

"मग दप्तर ठेवायचं!" ती आपणच ठासून म्हणाली. "चप्पल नाईतर दप्तर. फळीले वजन पाह्यजे, ते कायचं आहे हे ती इचारत नाई."

कडूबा इतका वेळ पंक्चर काढत होते. ते उठले, त्यांनी फळी दोनदा वरखाली करून पाहिली आणि डोक्यावरची टोपी सरळ केली. "म्या बसवून देतो खरीखुरी. पन भगवानराव हो म्हनतीन का?"

"म्हनतीन," अन्नपूर्णा म्हणाली. "म्हनायलेच लावतो आपन."

भगवानरावांच्या ओसरीवर तेव्हा चार माणसं बसली होती. अन्नपूर्णा सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, आम्ही वात्रट ना?"

"म्हंजे काय! एक नंबरचे!"

"खिडकीतून हात घालतो ना?"

"घालता!"

"मग आमच्यावर पहारा बसवा. कडूबाकाका बटन समोरच्या भिंतीवर नेतीन, खिडकीतून कोनाचा हात पुरनार नाई. आन् दारात अशी फळी लावतीन, का अंदर मानूस नसन त बटन दाबूनबी दिवा लागनार नाई. चार दिवस ठेवा. चारी दिवस सकाळी दिवा बंद दिसला, त आमचा तास परत द्या. एक दिवस जरी जळताना दिसला, त म्या जन्मात वाचनालयात पाय ठेवनार नाई!"

ओसरीवरची माणसं हसली. "घ्या भगवानराव, पोरगी सोताच सोताले कुलूप लावून राह्यली!"

भगवानरावांनाही हसू आलं. आपल्याला फसवलं जातंय, असा वास त्यांना मुळीच आला नाही. "लाव! नियम सगळ्यायले सारखा!"

"सगळ्यायले?" अन्नपूर्णाने विचारलं.

"अध्यक्षाचा शब्द आहे!"

त्याच दुपारी कडूबांनी फळी बसवली. बटन खिडकीसमोरच्या भिंतीवर, दाराला लागून गेलं. पहिल्या सकाळी तानाबाईंनी कुलूप काढलं, तेव्हा दिवा बंद होता. दुसऱ्या सकाळीही बंद. दोन्ही दिवशी तानाबाई झाडू हातात घेऊनच अन्नपूर्णाकडे आल्या.

"दिवा बंद, पन बटन चालू व्हतं, पोरी! म्या माह्या हातानं बंद केलं. कालबी आन् आजबी!"

"हे तुम्ही चारचौघात सांगसान, मावशी?"

"काऊन नाई? म्या काय कोनाले भेते?"

त्याच संध्याकाळी साडेसहाला गावात जीप आली. तालुक्याहून साहेब वाचनालय बघायला आले होते. भगवानराव फेटा सावरत पुढे, मागे साहेब, मागे निम्मं गाव. पारावर तिघं बसलेली होतीच. घराघरांत दिवे लागले होते, वीज जायला अजून अर्धा तास होता.

साहेब पायरीवर वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागले. भगवानराव मात्र जोड्यांसकट करकर करत आत शिरले.

"या साहेब, आमचं वाचनालय पाहा!" खट्!

अंधार.

"काय झालं?" खट्! खट्! "लाईट गेली वाट्टे!"

"गावभर तर दिवे आहेत," साहेब पायरीवरून म्हणाले.

"कडूबा! अरे कडूबा! या पोट्ट्यायनं वायर तोडली! म्या म्हनलं नव्हतं? कुठी गेली ती अन्नपूर्णा?"

"अथीच आहे!" गर्दीतून वाट काढत अन्नपूर्णा पायरीवर आली. "वायर चांगली आहे, काका. तुमचे जोडे पायात आहेत."

"जोड्याचा काय संबंध?"

"भिंतीवर काय लिहिलेलं आहे?"

साहेबांनी आपल्या खिशातली बॅटरी भिंतीवर मारली. मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पादत्राणे बाहेर काढावीत. हुकमावरून, अध्यक्ष.'

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं, मग सगळेच. भगवानराव लाल झाले. त्यांनी मुकाट्याने जोडे काढले आणि अन्नपूर्णाने दाखवलेल्या फळीवर आपटले.

लख्ख! खोली उजेडाने भरून गेली. कपाटं दिसली, टेबल दिसलं, आणि अध्यक्षांचा वासलेला आ दिसला.

"अरे वा!" साहेबांनी जोडे उचलले, दिवा गेला. ठेवले, लागला. ते लहान मुलासारखे चार वेळा तेच करत राहिले. "आत माणूस असेल तरच दिवा! कोणी केलं हे?"

"आम्ही तिघांनी," चारुलता म्हणाली. "कडूबाकाकांनी बसवलं."

"शाब्बास! कमाल केलीत!"

"शाबासकी मंग द्या, साहेब," अन्नपूर्णा म्हणाली. गर्दी चपापली. साहेबांना असं कोणी बोलतं का! पण ती थांबायला तयार नव्हती. "अगोदर एक गोष्ट ऐका. तानाबाई मावशी, सांगा."

तानाबाईंनी पदर खोचला. "दोन दिवस झाले, सकाळी बटन चालू सापडून राह्यलं. कुलूप लावलेलं, खिडकीतून हात पुरत नाई, पोरी त आतच आल्या नाई."

"किल्ली कोणाकडे असते?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा आपोआप एकीकडे वळल्या.

"तुम्ही रोज सव्वासातले पेपर न्यायले येता, काका," अन्नपूर्णा म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "अंधारात सवयीनं बटन दाबता. दिवा लागत नाई, तसेच निघून जाता. आम्ही पारावर बसून ऐकलं. ते एकदाच वाजते. नऊले लाईट येते, आन् दिवा जळते. आत्ताबी तुम्ही अंदर गेल्याबरोबर पह्यलं बटनच दाबलं."

भगवानरावांनी बटनाकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तेच बटन, तोच हात. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आला, की मागच्यांना कान द्यावे लागले.

"असंच झालं असन."

"तुमचा तास परत दिला!" ते लगेच घाईघाईने म्हणाले. "उद्यापासून या. झालं?"

"नाई झालं!" अन्नपूर्णा म्हणाली. "तुम्ही बारा घरी जाऊन सांगतलं, का आम्ही लोकायची वीज जाळतो. माही आई मले आता पायरी चढू देत नाई. तुम्ही बारा घरी जाऊन खरं सांगा. अगोदर ते, मंग तास!"

पारावरची कुत्री उठायची वाट बघत होती. पण भगवानराव गरजले नाहीत. साहेब हाताची घडी घालून त्यांच्याकडे बघत होते, निम्मं गाव बघत होतं, आणि ते स्वतः अनवाणी उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलबाई अंगणात सडा टाकत होत्या. फाटकाशी भगवानराव येऊन थांबले. अकरा घरं करून आले होते, चेहरा घामाने डबडबला होता. ही वस्ती शेवटची.

"वहिनी, दिवा तुमच्या पोरीनं सोडला नव्हता. म्या सोडला व्हता. उगाच नाव घेतलं तिचं."

विमलबाईंनी बादली खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला. त्या घरी अध्यक्ष असा आवाज खाली घेऊन पहिल्यांदाच आले होते. कोणी म्हणेल, त्या गडबडून चहा टाकायला धावल्या असतील. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"हे मले काऊन सांगता, भाऊजी? ते तथी उभी आहे. तिले सांगा."

दारात अन्नपूर्णा उभी होती. भगवानराव तिच्यासमोर गेले. पन्नाशीचा माणूस, तेरा वर्षांच्या पोरीपुढे शब्द शोधत होता.

"चुकलं माह्यं, पोरी. आन् फळी लय भारी केली तुम्ही. साहेब म्हनत व्हते, तालुक्याच्या शाळेतबी लावू." त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्यासमोर धरली.

अन्नपूर्णाने ती लगेच घेतली नाही. तिने आईकडे पाहिलं. विमलबाईंनी मान हलवली, आणि ओठांशी आलेलं हसू लपवायला पुन्हा बादली उचलली.

"किती वाजता उघडू?" अन्नपूर्णाने विचारलं.

"सहाले. नेहमीसारखं."

"नाई, काका," ती किल्ली घेत म्हणाली. "आमचे पाच दिवस बुडाले. ते भरून निघेपर्यंत पाचले उघडते!"

भगवानरावांनी एक क्षण डोळे वटारले. मग त्यांना इतकं हसू फुटलं, की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली.

"पाचले उघड, बाई!" ते म्हणाले. "तुह्यापुढं बोलनं म्हंजे कठीनच आहे!"